न बांधलेला महाल

एका राज्यात दर सात वर्षांनी धरणी हलत असे. कारण साधं होतं. जमिनीखाली कंपासुर नावाचा मायावी निजलेला होता आणि सात वर्षं भरली की तो कूस बदलायचा. तीनदा राजवाडा कोसळला आणि तीनदा राजा मल्लसेनाने एकच हुकूम सोडला, "भिंती दुप्पट जाड करा!" याहून वेगळं त्याला कधी काही सुचलं नाही.

तिसऱ्या खेपेस माणसं दगावली. "मातीला न विचारता माझ्या छातीवर ओझं ठेवलंस," असं म्हणून कंपासुराने थोरल्या गवंड्याला, धर्माप्पाला, शापाने दगड करून टाकलं.

धर्माप्पाची लेक भिवरा बापाच्या हाताखालीच काम शिकली होती. ती थेट कंपासुराच्या विवरात उतरली.

"माझा बाप मोकळा कर."

"तीन जागा देतो," कंपासुर म्हणाला. "कुठे काय बांधायचं, तिन्हींचा निवाडा तू कर. मग मी कूस बदलेन; कोणी दगावलं नाही, तर बाप मोकळा. तुझ्या हातून एक जरी जीव गेला, तर तूही बापाशेजारी दगड होशील."

पहिली जागा कातळाची होती. तिथे एक टिटवी बसली होती. त्या राज्यातल्या टिटव्या बोलत असत.

"कातळ भरभर थरथरतो," टिटवी म्हणाली. "ठेंगणं, ताठ घर त्या तालात सापडतं."

म्हणून भिवराने तिथे सावकाश डुलणारा सात मजली लाकडी मनोरा उभा केला.

दुसरी जागा आटलेल्या तळ्याच्या गाळाची होती. "गाळ सावकाश झुलतो," टिटवी म्हणाली, "पण झोका मोठा घेतो. उंच इमारत त्याच्यासोबत झुलते आणि मोडते." तिथे भिवराने रुंद पायाचं बसकं घर बांधलं आणि भिंतींना चहूबाजूंनी लाकडी पट्टे आवळले.

तिसरी जागा नदीकाठच्या वाळूची. तिथे राजा स्वतः आला, कारण तिथून नदी फार छान दिसायची. भिवराने टाच आपटली. खालून पाणी वर आलं.

"धरणी हलली की ही वाळू पाण्यासारखी होते," टिटवी म्हणाली. "माझं घरटं चार खड्यांचं, मला चालतं."

भिवरा राजाकडे वळून म्हणाली, "महाराज, इथे महाल होणार नाही."

"राजाज्ञा आहे!"

"माझ्या बापालाही आज्ञाच होती. तो गप्प राहिला. मी राहणार नाही."

राजाचा तिळपापड झाला. मी म्हणतो ती जागा पक्कीच, हे दाखवायला त्याने आपला सोन्याचा हत्ती वाळूवर आणून ठेवला आणि बाजूला हाताची घडी घालून उभा राहिला.

कंपासुराने कूस बदलली. मनोरा डुलला आणि थांबला. बसकं घर जागचं हललं, पण एक वीट सुटली नाही. हत्ती मात्र सगळ्यांच्या देखत वाळूत उतरत गेला. सोंडेचं टोक तेवढं वर राहिलं.  राजाने भिवरासमोर मुकुट उतरवला.

शाप सुटला. धर्माप्पाने मिशांवरची धूळ झटकली. दगडातूनही त्याला तीन जागांची अट ऐकू आली होती. त्याने मनोरा पाहिला, घर पाहिलं.

"आणि तिसरं काम कुठं आहे, पोरी?"

भिवराने रिकामी वाळू दाखवली. सोंडेच्या टोकाशी टिटवी आपली अंडी सांभाळत बसली होती.

"ते बांधलं नाही, आप्पा."

 म्हाताऱ्याने कमरेचा ओळंबा, भिंत सरळ आहे का ते पाहायची वजनाची दोरी, सोडून लेकीच्या हातात दिला. त्या दिवसापासून त्या राज्यात पाया खणण्याआधी राजा भिवराला विचारू लागला, आणि ती नाही म्हणाली की कुदळ खाली ठेवू लागला.

"तीनदा बांधलं मी," धर्माप्पा भेटेल त्याला सांगायचा, "पण राज्यातलं सगळ्यांत अवघड काम माझ्या लेकीनं केलं. ते बघायचं असेल तर नदीकाठी जा. तिथं काहीच नाही."