देवीचं मूळ गाव

खडी फोडणाऱ्यांच्या वस्तीतली नावं मतदारयादीत येऊ नयेत, म्हणून सरपंच आबासाहेबांनी ग्रामसभेत ठराव मांडला. "बाहेरून आलेल्यांना या गावात मत नाही."

वीस वर्षं याच वस्तीत राहणारी यल्लव्वा उठली. "आबा, आपली ग्रामदेवी मूळची कुठली हो?"

आबासाहेब खुलले. "माहूरची. भक्तामागं चालत आली. त्यानं वळून पाहिलं, तशी आई इथंच थांबली."

"म्हणजे तीही बाहेरचीच. मग ठरावात पहिलं नाव तिचं लिहा, त्याखाली माझं."

सभा हसली. देवीचं नाव लिहायला ग्रामसेवकाचा हात धजेना, आणि ठराव तिथंच बारगळला.

पुढच्या निवडणुकीत आबासाहेब यल्लव्वाच्या दारात हात जोडून उभे होते.