नादिए आणि आल्गियेन

बोरजाईच्या शमीम शिकलगारनं मोबाइलवर ऐकून ऐकून स्पॅनिश शिकून घेतली आणि दुभाष्यांच्या अभ्यासक्रमाची मुलाखत द्यायला ती पुण्याला आली. प्रवेश द्यायचा की नाही, हे कारखानीस सरांच्या हातात होतं. अर्जावरचं गावाचं नाव वाचून ते हसले.

"बोरजाई? हे कुठं आलं?"

"बार्शीच्या पुढं, सर."

"मग एवढंच वाक्य स्पॅनिशमध्ये सांगा. बोरजाईतलं कोणीही स्पॅनिश बोलत नाही."

शमीम शांतपणे म्हणाली, "नादिए दे बोरजाई आब्ला एस्पान्योल."

सरांच्या भुवया वर गेल्या. वाक्य 'नादिए'नं, म्हणजे 'कोणीही नाही'नं सुरू झालं की पुढे वेगळा नकार लावायचा नसतो. भलेभले तिथंच चुकतात.

"भाषांतर बरोबर आहे," ते नाइलाजानं म्हणाले.

"भाषांतर बरोबर आहे सर, पण वाक्य खोटं आहे. आत्ता ते बोरजाईच्याच पोरीनं तुम्हाला स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवलं."

सरांनी अर्जावरचं गावाचं नाव पुन्हा वाचलं.

"दुरुस्त करते. 'नादिए' काढून 'आल्गियेन' घालायचं. कोणीही नाहीच्या जागी कोणीतरी."

कारखानीसांनी पेन उघडलं आणि अर्जावर सही केली.