हाताला चिकटलेली कडी

रानात माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. फणसाच्या पडलेल्या खोडावर एक बुरशी राहायची. तिच्या पोटात विकर नावाचे तीन कारागीर होते: अन्नातले बारीक तुकडे सांधणारा जोड्या, त्यांची गोल कडी करणारा वळ्या आणि तयार कडी जोड्याच्या हातापासून कापून मोकळी करणारा तोड्या. कडी मोकळी झाली, की तिचा सुगंध व्हायचा.

"आम्ही घडवायचं आणि तू नुसतं तोडायचं? चालता हो!" जोड्या एकदा खेकसला. तोड्या बाजूला झाला.

मग जोड्या-वळ्याने आजवरची सगळ्यांत देखणी कडी घडवली, पण ती जोड्याच्या हाताला चिकटूनच राहिली. हात अडकले, काम थांबलं. वास नाही म्हणून भुंगेरे फिरकेनात. बुरशीचं बी दुसरीकडे न्यायला कुणी नाही, आणि जुन्या खोडाचा तर भुगा होत चाललेला.

"तोड्या, ये रे बाबा!" जोड्या अखेर ओरडला.

तोड्याने एकच घाव घातला. कडी निसटली आणि रानभर असा घमघमाट सुटला, की भुंगेऱ्यांचे थवेच्या थवे आले आणि पाठीवर बी घेऊन नव्या खोडांकडे उडाले.

जोड्या आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. मग खदखदून हसला.

"द्या रे पुढचे तुकडे! हात मोकळे झाले!"