पालखीच्या वाटेवरचा तलाव

खूप खूप जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी. एका डोंगराळ राज्यात राजाने पाण्याच्या कामांवर एक कारभारी नेमला होता. माणूस सज्जन, कामसू. पण तिथली रीत अशी की, नव्या तलावाचं पूजन राजाच्या हस्ते व्हायचं. म्हणून त्याची पालखी पोचेल तिथंच तलाव बांधायचा!

कारभाऱ्याने डोंगराच्या पायथ्याशी, रस्त्यालगत तलाव बांधला. दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरला. त्याने गाळ उपसला, बांध उंच केला. पुन्हा गाळच! अखेर एका उन्हाळ्यात गावची विहीरही आटली, तेव्हा पायथ्याच्या गावाने बिऱ्हाड आवरलं, गाडे जुंपले. ते पाहून कारभारी धावत आला.

"थांबा हो! यंदा आणखी उंच बांधतो," तो हात जोडून म्हणाला.

मेंढरं हाकत निघालेली एक म्हातारी धनगरीण फटकन बोलली, "बांधाल हो! पण कारभारी, कधी वर चढून बघितलंत का?"

कारभारी ओशाळला. पालखीची वाट सोडून तो कधी वर गेलाच नव्हता. गावाला चार दिवस थांबायला सांगून तो म्हातारीमागून धापा टाकत माथ्यावर पोचला. वर सगळा उघडाबोडका उतार.

"पावसाला इथं थांबायला जागाच नाही. पाणी पळत सुटतं, माती घेऊन जातं. तीच तुमच्या तलावात बसते."

"आजी, आधी का नाही सांगितलंत?"

"अहो, विचारलं कुणी?"

कारभारी तडक दरबारात गेला. "महाराज, यंदा तलाव नको. माथ्यापासून आडवे चर खणू, ओघळींत दगडी बांध घालू, गवत राखू."

"तिथं पालखी कशी जाईल? मी पूजन कुठं करू?" राजा कडाडला.

पण कारभाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते जुंपलेले गाडे होते. "महाराज, गावच उठलं तर प्रसादाचं खोबरं खायला तरी कोण उरेल?"

राजाला ते पटलं. तो म्हणाला, "जा, खण."

गाव थांबलं. सगळ्यांनी मिळून चर खणले. म्हातारीने तीन वर्षं आपली मेंढरं लांबच्या रानात नेली, माथ्यावर गवत वाढू दिलं. तिसऱ्या वर्षी भर वैशाखात गावच्या विहिरीला पाणी होतं. कारभाऱ्याने ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि चारचौघांत ढसाढसा रडला.

तात्पर्य: पाण्याची योजना आपल्या सोयीच्या जागेवरून आखू नये, पाणी जिथून निघतं तिथवर चढून, तिथल्या माणसांना विचारून आखावी.