वीतभर लाल धागे

विणकरांच्या एका गावात एकदा एक मुलगी सहा वर्षांनी परत आली. समुद्रापलीकडच्या एका थंड देशात जाऊन ती पूल बांधण्याची विद्या शिकली होती. परक्या भाषेत परीक्षा दिल्या, परक्या चुलीवर पिठले ढवळले आणि चांगल्या गुणांनी पदवी मिळवली. गावाच्या नदीवर पूल नव्हता. त्यामुळे ती विमानातून उतरण्याआधीच गावाने मनातल्या मनात तो बांधूनही टाकला होता. आणि घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी ही मुलगी म्हणाली, मी पूल बांधणार नाही, मी बाळंतपणे करायला शिकणार आहे.

आता हे शहाणपण होते की खूळ, हे सांगणारीलाही नक्की ठाऊक नाही. पण घडले ते असे.

त्या देशात ती राहत असे त्या इमारतीत ठिकठिकाणाहून शिकायला आलेले विद्यार्थी दाटीवाटीने राहत. एका दुपारी शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थिनीला कळा सुरू झाल्या. नवरा परगावी. इस्पितळात कळांच्या भरात त्या बिचारीला तिथली भाषा आठवेना, तोंडी येई ती फक्त तिची मायबोली. ती बोली आपल्या गोष्टीतल्या मुलीला मोडकीतोडकी येत होती. नऊ तास ती मध्ये उभी राहून सांगत होती: श्वास घे, आता जोर दे, आता थांब. सुईणीच्या हातांवरून तिची नजर हलली नाही. बाळ आले, रडले, आणि दुसऱ्या दिवशी ही पुन्हा वर्गात जाऊन बसली तेव्हा तिला कळले की आपण इथे नुसत्या बसलो आहोत. तरी अभ्यास तिने पुरा केला. मग परतली.

गावात एक वृद्ध विणकर होते. सारे त्यांना आबा म्हणत. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत ही मुलगी त्यांच्याकडे कांड्या भरायला, म्हणजे बारीक नळ्यांवर रेशीम गुंडाळायला, शिकली होती आणि तेव्हापासून त्यांना गुरू मानत होती. ती त्यांच्या घरी पोचली तेव्हा तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"आबा, जिल्ह्याच्या गावी परिचारिकांची शाळा आहे. पाच दिवसांनी मुलाखत. वीस जागा आहेत आणि वय निघून चाललंय, यंदा नाही तर कधीच नाही. मी अर्जही भरून ठेवलाय."

आबा मागावर बसले होते. एक लाल लग्नाची साडी त्यांनी नुकतीच पुरी करून कापून घेतली होती. तिची घडी घालत त्यांनी विचारले, "सहा वर्षं कुठे होतीस, ते लिहिलंस का अर्जात?"

"ती जागा कोरीच ठेवली. कशाला लिहू? पूल आणि बाळंतपण, हसतील मला. आपले शेट तर रोजच हसतात."

शेट म्हणजे आबांच्या साड्या घेणारे व्यापारी. कालच पेठेत त्यांनी तिला गाठून विचारले होते, "सुईण व्हायला विमान कशाला लागतं गं? वेशीजवळच्या सुईणीपर्यंत चालत गेली असतीस तरी भागलं असतं."

"मी ते सगळं पुसून टाकलंय आबा. कोरी पाटी घेऊन जाणार. अगदी नवी सुरुवात."

आबा "बस, आलोच," म्हणून साडी काखेत मारून शेटांकडे गेले.

ती बसली. पण अंगात उत्साह मावत नसला की माणसाला नुसते बसवत नाही. समोर रिकामा माग होता. पुढच्या साडीचा हिरवा ताणा, म्हणजे उभे धागे, गुंडाळून तयार होता, आणि मागावर मात्र कापलेल्या साडीचे वीतभर लाल धागे तसेच लोंबत होते. आबांचे डोळे अधू झालेत, हात थरथरतात, तेवढीच आपली मदत, असे म्हणून तिने मूठ मूठ लाल धागे ओढून काढायला सुरुवात केली. कांड्या भरणाऱ्या पोरीला मागाची साफसफाई कुठवर करायची असते हे कोणी शिकवलेले नव्हते. धागे सुळसुळ निघत होते. तिला गाणे सुचत होते.

आबा शेटांना घेऊन परतले तेव्हा ती निम्म्यावर आली होती. तिची दाराकडे पाठ होती. शेट ओरडणार, तोच आबांनी त्यांचा दंड धरला आणि ओठांवर बोट ठेवले. दोघे उंबऱ्याबाहेर तसेच उभे राहिले. शेवटचा लाल धागा निघाला, मुलीने हात झटकले, मागे वळली आणि हसली.

"बघा आबा, कसा लख्ख झाला."

"कपाळ माझं," शेट म्हणाले. "आबा, तुम्ही दारातून बघत होतात. हिला थांबवलं का नाहीत? हिरवी साडी उद्यापासून लागायची होती. आता चार दिवस गेले."

"लग्न पुढच्या महिन्यात आहे, शेट. तुमच्या गिऱ्हाइकाची नवरी थांबेल." आबा मुलीकडे वळले आणि एक बारीक आकडा तिच्या हातात दिला. "बस अशी समोर. मी मागून हिरवा धागा देतो, तू ओढून घे."

तेव्हा तिला कळले. मागावर दोऱ्यांचे बारीक फासे असतात आणि त्यांच्यापुढे फणी असते. ताण्याचा प्रत्येक धागा आपापल्या फाशातून आणि फणीच्या आपापल्या फटीतून जावा लागतो. असे अडीच हजार धागे. एक जरी चुकला तरी साडीभर रेघ उमटते. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांचे दोनशे धागे झाले. त्यातले सतरा चुकले म्हणून पुन्हा काढले. मुलीची मान अवघडली, डोळ्यांत पाणी आले. ते मानेमुळे की दुसऱ्या कशामुळे, हे तिने सांगितले नाही. अशा वेळी मोठी माणसे दोन शब्द सुनावतात. मला तर तो मोह मुळीच आवरला नसता. आबा नुसता पुढचा धागा देत होते.

बाजूच्या मागावर एव्हाना आबांची सून सगुणा येऊन बसली होती. तिनेही त्याच सकाळी साडी कापली होती. पण तिच्या मागावर जुन्या ताण्याची वीतभर टोके तशीच होती. बोटांना चिमूटभर राख लावून ती जुन्या धाग्याच्या टोकाला नव्या धाग्याचे टोक पिळत होती आणि पुढच्याकडे वळत होती. शेजारणीच्या जावेची कागाळी सांगत सांगत तिने संध्याकाळपर्यंत सगळी टोके सांधली, उठून पुढे आली, जुन्या धाग्यांचा जुडगा मुठीत धरला आणि हलक्या हाताने ओढला. जुने धागे फाशांतून, फणीतून पुढे आले आणि त्यांच्यामागून नवा निळा ताणा सरसर आपापल्या जागी येऊन बसला. अडीच हजार धागे, एकाच ओढीत.

मुलीच्या हातातला आकडा तसाच राहिला.

"वहिनी, एवढंच असतं?"

"मग काय," सगुणा म्हणाली. "तू मघाशी कचरा म्हणून काढलास ना, तो मला दे. निदान वाती होतील."

मुलगी आबांकडे वळली. "आबा, तुम्हाला माहीत होतं. दारातूनच थांबवलं असतंत तर?"

"तर तू थांबली असतीस," आबा म्हणाले. "आणि पाच दिवसांनी मुलाखतीला कोरी जागा घेऊन गेली असतीस. पोरी, नव्या धाग्याला वाट ठाऊक नसते. जुना त्या वाटेने एकदा गेलेला असतो. त्याच्या टोकाला नवा सांधायचा, मग जुना पुढे होतो आणि नव्याला आणून सोडतो. त्यानंतर तो कापून टाकायचा. हिरव्या साडीत लाल धाग्याचा एक तंतूही उरत नाही. तुला लाल साडी विणायची नाही ना? नको विणूस. पण सांधण्याआधी उपटू नकोस."

शेट संध्याकाळी पुन्हा डोकावले होते. पानाचा विडा गालात सरकवत ते म्हणाले, "ऐकायला बरं आहे आबा. पण पुलाचं टोक आणि बाळंतपणाचं टोक सांधणार कसं?"

"ते मला विणकराला काय ठाऊक? पीळ तिच्या बोटांनी द्यायचाय."

पुढचे तीन दिवस ती पहाटे येई आणि दिवेलागणीला जाई. अडीच हजारावा धागा तिने स्वतःच्या हाताने ओढला. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने अर्जातल्या कोऱ्या जागेत लिहिले: सहा वर्षे, परदेशी, पूलबांधणी. त्यापुढे काय लिहावे हे तिला सुचले नाही. मुलाखतीला जाताना एसटीतही सुचले नाही.

शाळेच्या मेट्रनबाई पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, परत लावला.

"पूल?"

"हो बाई."

"इथे पूल नाहीत."

"माहीत आहे."

"तिथे काय करायचीस दिवसभर? पुस्तकातलं नको सांगूस. हाताने काय करायचीस?"

मुलगी बोलू लागली, आणि बोलता बोलता तिचा स्वतःचाच आवाज चढत गेला. "जुन्या पुलांखाली उभी राहायचे. एक छोटी हातोडी असायची. वीत वीत अंतरावर ठोकायचं आणि ऐकायचं. भरीव दगडाचा आवाज एक, आतून पोकळ झालेल्याचा दुसरा. तडा डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी आवाज बदलतो. पहिले तीन महिने मला सगळं सारखंच ऐकू यायचं. वर गाड्या, खाली पाणी, त्यात तो आवाज शोधायचा. मग एक दिवस कान उघडला. त्यानंतर कधी चुकले नाही." ती थांबली. आपण काय बोललो, हे तिला आत्ताच ऐकू आल्यासारखे झाले.

मेट्रनबाई उठल्या. खणातून त्यांनी पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचा लाकडाचा एक लहानसा कर्णा काढला आणि "चल" म्हणाल्या.

शाळेला लागून असलेल्या इस्पितळाच्या वॉर्डात आठव्या महिन्यातली एक बाई कुशीवर पडली होती. तिच्या कपाळावर घाम होता, कारण दोन दिवस पोटातली हालचाल मंद वाटत होती आणि मोठे डॉक्टर दुपारशिवाय येणार नव्हते. मेट्रनबाईंनी स्वतः सकाळी तपासले होते, पण ते त्या मुलीला सांगितले नाही. कर्णा पोटावर कुठे टेकवायचा तेवढे दाखवले आणि बाजूला झाल्या.

मुलीने कान लावला. पलीकडे कोणीतरी बादली सरकवली, एक मूल रडले, पंखा कुरकुरत होता. मग ठोके आले, संथ, मोठे.

"ऐकू आलं?" मेट्रनबाई म्हणाल्या.

"हे आईचे आहेत," मुलगी म्हणाली. "थांबा."

तिने कर्णा दोन बोटे खाली सरकवला. डोळे मिटले. बाई श्वास रोखून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"काय गं," बाईने हळूच विचारले, "आहे ना?"

मुलीचा चेहरा आधी फुलला, शब्द नंतर आले.

"आहे. आणि फार घाईत आहे."

बाईने सोडलेला श्वास पलीकडच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू गेला.

"सोमवारी सकाळी सातला ये," मेट्रनबाई म्हणाल्या. "केस घट्ट बांधून."

मुलीने मान हलवली, पण कान उचलला नाही.