चिरोट्याचे पदर

एका राज्यात दृढवर्मा नावाचा राजा होता. त्याचा हात जड होता. त्याने दार लावले तर चौकट हले, पेला ठेवला तर चौरंग हले. राणीचे नाव इंदुलेखा आणि लेकीचे नाव मृगाक्षी. लेक इवलीशी होती. तिचे डोळे असे होते, की बघणारा आपले काम विसरून जाई.

एके दुपारी राणीने चिरोटे तळले. तुपाचा वास महाद्वाराबाहेर गेला आणि त्या वासामागून एक म्हातारी जोगीण आली. तिने दारात पदर पसरला.

"राजा, सबंध चिरोटा नको. मला दात नाहीत. वरचा एक पदर दे."

राजा पाटावर बसला होता. जेवताना कोणी हाक मारलेली त्याला खपत नसे.

"दार मिटा," तो म्हणाला.

दार मिटले. बाहेरून आवाज आला. हळूच आला, पण भिंतींनीही ऐकला.

"दार मिटलंस, राजा. आता जे मिटलंय ते मिटलेलंच राहील. तुझ्या हातून पदर सुटावेत, पण तुटू नयेत; आणि पसरलेला पदर भरावा. तेव्हा मिटलेलं उघडेल."

तसेच झाले. त्या क्षणी जे मिटलेले होते, ते पुन्हा उघडेना. कळ्या उमलेनात. शेंगा तडकेनात. अंड्यांतली पिल्ले आतून टकटक करीत राहिली. डबे, बरण्या, कोठारे, महाद्वार, सारे मिटून बसले. पहाऱ्यावर डुलकी घेणारा एक शिपाई तसाच झोपून राहिला, आणि हा पहाऱ्यावर झोपतो हे साऱ्या राज्याला कळले. खिडकीतली साळुंकी त्या वेळी बोलत होती, म्हणून तिची चोच उघडी राहिली. न जाणो, मिटली तर? या धास्तीने तिने ती मिटलीच नाही. ती बोलतच राहिली.

आणि मृगाक्षी दुपारची झोपली होती.

ती श्वास घेई. स्वप्नात हसे. पण पापण्या उघडेनात. दिवस गेले. बागेतल्या कळ्या देठाशी पिवळ्या पडल्या, आणि लेकीच्या गालांवरही तो पिवळेपणा आला. राणीने एक सुकलेली कळी राजासमोर ठेवली.

"न उमललेली कळी झडते, महाराज."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

राजाने पंडित बोलावले. पंडितांनी राज्यातल्या साऱ्या साड्या मागवल्या आणि पदरांचे धागे सोडवीत बसले. धागे सुटले, तुटले, गुंता झाला. बायका मात्र पंडितांच्या नावाने बोटे मोडू लागल्या.

"साड्या म्हणे!" साळुंकी खिडकीतून म्हणाली. "अरे राजा, जोगीण कशाच्या वासाने आली होती?"

"चिरोट्याच्या."

"आणि चिरोट्याला काय असतात?"

राजा उठून उभा राहिला. "पदर," तो म्हणाला.

पण पिठाचा डबा मिटलेला, तुपाची बरणी मिटलेली, साखरेचीही मिटलेली. मुळापासून सारे आणायचे होते. परसदार तेवढे उघडे होते. राजाने खांद्यावर उपरणे टाकले, हातात चरवी घेतली आणि तो त्या दाराने निघाला.

पहिल्यांदा तो मुंग्यांच्या राणीकडे गेला. वारुळाबाहेर गहू आणि तांदूळ उन्हात वाळत पडले होते. वाट मुंग्यांनी भरली होती.

"ये," मुंग्यांची राणी म्हणाली. "पण माझी एकही लेक पायाखाली येऊ देऊ नकोस."

राजाने जोडे काढले. सकाळी निघाला तो संध्याकाळी पोचला, आणि ती वाट चार हातांची होती. त्याने उपरण्याचा पदर पसरला. मुंग्यांनी तो भरला.

मग तो पांढऱ्या टेकडीवरच्या गाईकडे गेला. ती टेकडी ढगांची होती. राजाने मूठ आवळून धार काढली, तर गाईने लाथ मारली.

"वासराला तोंड असतं, मूठ नसते," गाय म्हणाली.

राजाने बोटे सैल केली. तेव्हा चरवी भरली.

शेवटी तो खडीसाखरेच्या डोंगराशी गेला. तिथे एक राक्षस बसला होता. राजाने तलवार चाचपली, मग ती खाली ठेवली आणि उपरण्याचा दुसरा पदर पसरला.

"ने बाबा, हवी तेवढी ने," राक्षस म्हणाला. "साखर खाऊन खाऊन माझे सारे दात गेले."

"अट काय आहे?"

"अट कसली? दाराशी आलेल्याला कोणी अट घालतं का?"

राजाने मान खाली घातली. परतीची वाट त्याला फार लांब वाटली.

घरी त्याने गहू दळले आणि पीठ वस्त्रगाळ केले. तांदळाची पिठी केली. दुधाचे दही लागले. राजा एकटाच रवी घुसळू लागला, तेव्हा ताक भिंतीवर उडाले. राणीने येऊन दोरीचे दुसरे टोक धरले.

"उगीच हिसके देऊ नका. लोणी घाबरतं," ती म्हणाली.

इतक्या दिवसांनी ती बोलली. राजाला दोरी दिसेना, डोळे भरून आले.

लोण्याचे तूप झाले. राजाने कणीक मळली, पातळ पोळ्या लाटल्या. तुपात तांदळाची पिठी फेसून साटा केला. एका पोळीला साटा लावला, तिच्यावर दुसरी ठेवली, तिच्यावर तिसरी. घट्ट वळकटी केली आणि लाट्या कापल्या. मग लाटणे घेऊन त्याने जोर लावला. पदर एकमेकांना चिकटून गेले. कढईतून काळा, टणक तुकडा निघाला.

"ढाल झाली, ढाल!" साळुंकी ओरडली. "लढाईला ने!"

दुसऱ्या वेळी त्याने भीतभीत लाटणे नुसतेच टेकवले. पदर कढईत सुटले, तुटले आणि वेगवेगळे तरंगू लागले. असे करता करता एकच लाटी उरली.

"कसं लाटू, राणी?"

"झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करतात ना, तसं."

राजाने ते कधी केलेच नव्हते. तो मृगाक्षीच्या पलंगाशी गेला. पांघरूण तिच्या खांद्यावरून घसरले होते. त्याने ते दोन बोटांनी उचलले आणि वाऱ्यासारखे तिच्यावर सोडले. ती स्वप्नात हसली. तो हात तसाच सांभाळीत राजा चुलीशी आला आणि त्याने शेवटची लाटी लाटली.

चिरोटा तुपात गेला. राजा झाऱ्याने वर तूप सोडीत राहिला. एक पदर उचलला गेला, मग दुसरा, मग तिसरा, पहाटे कमळ उमलावे तसे. सारे सुटले. एकही तुटला नाही. राणीने खडीसाखर कुटून वर भुरभुरली.

राजा धावत लेकीकडे गेला. पापण्या मिटलेल्याच होत्या.

"अर्धंच ऐकतोस, राजा!" साळुंकी म्हणाली. "पसरलेला पदर?"

राजा थबकला. एकच चिरोटा होता, लेकीच्या जिवाचा. त्याने राणीकडे पाहिले. राणीने मान डोलावली.

तो परसदाराने बाहेर पडला आणि साऱ्या तटाला वळसा घालून महाद्वारासमोर आला. जोगीण तिथेच बसली होती, त्या दुपारपासून. पसरलेल्या पदरावर धूळ आणि सुकी पाने साचली होती. राजा गुडघ्यांवर बसला, त्याने पाने वेचली, धूळ पुसली आणि चिरोटा पदरात ठेवला.

"उशीर झाला, आजी," तो म्हणाला. "सबंध घे."

जोगिणीने अलगद वरचा एक पदर उचलला आणि जिभेवर ठेवला. तो विरघळला.

"एकच मागितला होता," ती म्हणाली. "उरलेला लेकीला दे. हात हलका झाला हं तुझा."

तिने चिरोटा राजाच्या हातात दिला, पदर आवरला आणि खांद्यावर घेतला. महाद्वार आपोआप उघडले. राजाने वळून पाहिले, तर जोगीण नव्हती. दारातून बाग दिसत होती, आणि सगळ्या कळ्या एकदम उमलत होत्या. अंडी फुटली. शेंगा तडकल्या. शिपाई दचकून उठला आणि म्हणाला, "मी जागाच होतो!"

आतून आवाज आला, "बाबा, कसला वास येतोय?"

राजाने उरलेला चिरोटा ओंजळीत धरून नेला. लेकीने पदर पदर सोडवीत खाल्ला, एक आईला दिला, एक बाबांना. त्या राज्यात पुढे जेवणवेळी महाद्वार उघडे राहू लागले, आणि ज्याने पदर पसरला त्याचा भरला.

साळुंकीने मात्र दोनदा इकडेतिकडे पाहिले, धीर केला आणि चोच मिटली. तिथे ही गोष्टही मिटली. ज्याला पुन्हा हवी, त्याने हलक्या हाताने उघडावी.