पाणी वाहतंय तोवर

ढग डोंगराला टेकून झोपत, त्या काळची गोष्ट. रानाची सगळी तहान वरच्या एका झऱ्यावर भागे. पण कधी पाचोळ्याने झरा तुंबे आणि खाली कळेपर्यंत पिल्लं कासावीस होत.

गरुड म्हणाला, "मी नजर ठेवतो. रोज एक ससा द्या."

ससे थरथरले. सांबरीण मात्र झऱ्यातल्या बेडकीकडे गेली. "बाई, पाणी वाहतंय तोवर गात राहशील?"

"पाणी असलं की गातेच मी! आटलं की घसा सुकतो."

तिचा सूर खालपर्यंत उतरे आणि रान गुंगून जाई. एका धुकट दुपारी सूर थांबला. सगळे वर धावले, पाचोळा उपसला, पाणी खळाळलं.

"हाक कोणी मारली?" गरुडाने आकाशातून विचारलं.

"कोणीच नाही," सांबरीण म्हणाली, "म्हणून तर आलो."